नऊ दिवसांवर लढत आणि प्रतिस्पर्धी बाद: बदली फायटर कसा शोधायचा?

लालकोपरा

एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढती भरवणाऱ्या एका लहान प्रमोशनचं मॅचमेकिंग, म्हणजे जोड्या जुळवणं, बघतो. कार्डवर नऊ लढती आहेत, त्यातली शेवटून दुसरी अडकली आहे. लाइटवेट, ७०.३ किलो, पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. निळ्या कोपऱ्यातल्या फायटरची बरगडी स्पॅरिंगमध्ये दुखावली आणि डॉक्टरांनी लढायला मनाई केली. लाल कोपऱ्यातला ४–१ (चार विजय, एक पराभव) आहे, मूळचा कुस्तीवाला, आज सकाळी उपाशीपोटी ७५.८ भरला. आज गुरुवार. वजन पुढच्या शुक्रवारी सकाळी, लढत शनिवारी रात्री.

सुरुवात कुठून करायची? कॅचवेट (ठरलेल्या गटाबाहेरचं, दोघांनी मान्य केलेलं वजन) द्यायचं तर किती? बदलीवाल्याला आणि आमच्या लाल कोपऱ्याला पैशाचं काय बोलायचं? आणि कुठल्या क्षणी शोध थांबवून लढत रद्द करायची? ‘ओळखीत विचारा’ यापलीकडचं काही हवं आहे.

पिंजऱ्यामागे

फोन फिरवण्याआधी दोन कामं उरका.

पहिलं, निळ्या कोपऱ्याची माघार लेखी घ्या. सोबत डॉक्टरची चिठ्ठी घ्या आणि दोन्ही आजच कमिशनकडे (लढतींना मंजुरी देणाऱ्या संस्थेकडे) पाठवा. ती नोंद होईपर्यंत कागदोपत्री त्या जागेवर तोच फायटर आहे. सोमवारी त्याला ‘आता बरं वाटतंय’ म्हणायची लहर आली तर एका जागेवर दोघांचे करार होतील.

दुसरं, लाल कोपऱ्याच्या कोचकडून मर्यादा ठरवून घ्या: कॅचवेट जास्तीत जास्त किती, समोरच्याचा अनुभव किती चालेल, कुठल्या शैलीचा अजिबात नको. हे उलट्या क्रमाने केलं की घोडं पेंड खातं. बदली फायटर ‘हो’ म्हणतो, मग लाल कोपरा ‘नाही’ म्हणतो, आणि त्या जिमचा कोच पुढच्या वेळी तुमचा फोन उचलत नाही. लाल कोपरा कुणालाही स्वीकारायला बांधील नाही हे डोक्यात असू द्या. २०१२ मध्ये यूएफसी (अमेरिकेतलं मोठं एमएमए प्रमोशन) १५१ च्या आधी डॅन हेंडरसनचा गुडघा गेला. आठ दिवसांवर चेल सोनन तयार झाला, हेंडरसनशी लढणार असलेल्या जॉन जोन्सने नकार दिला आणि अख्खा कार्यक्रम रद्द झाला.

आता शोध. सगळ्यात आधी स्वतःचंच कार्ड बघा. कार्डवरच्या माणसाचे मेडिकल झालेले असतात, लायसन्स असतं, कॅम्प (लढतीआधीचा खास सराव) चालू असतो, येण्या-राहण्याची सोय झालेली असते. खालच्या लढतीतला लाइटवेट किंवा त्याखालच्या गटातला फेदरवेट वर ओढा. भोक खाली सरकतं आणि तीन-चार लढती केलेल्या फायटरसाठी बदली शोधणं त्या मानाने सोपं जातं. यूएफसी २७९ (सप्टेंबर २०२२) आठवा. चिमाएव वजनात साडेतीन किलोच्या आसपास चुकला आणि लढतीच्या आदल्या दिवशी तीन लढतींतले सहा जण आपसांत फिरवले गेले: डियाझ–फर्ग्युसन, चिमाएव–हॉलंड, ली–रॉड्रिगेझ. बाहेरचा एकही माणूस आणावा लागला नाही.

कार्डवर कुणी नसेल तर गेल्या पंधरा-वीस दिवसांत दुसरीकडे ज्यांची लढत फिसकटली ते. कॅम्प झालेला, वजन उतरलेलं, पैसे बुडालेले. असा माणूस फोनची वाटच बघत असतो. त्यानंतर ज्यांची पुढची लढत चार ते सहा आठवड्यांवर आहे ते. मात्र त्यांचा दुसऱ्या प्रमोशनशी करार असेल तर परवानगी लेखी हवी. तोंडी ‘त्यांची काही हरकत नाही’वर नाव जाहीर करू नका. मग एक वजनगट खालचे फायटर, ज्यांना ७०.३ साठी फारसं वजन तोडावंच लागत नाही. सोशल मीडियावर जाहीर हाक अगदी शेवटी. उत्तरं भाराभर येतात, कागद कुणाचेच पुरे नसतात, आणि लाल कोपरा हवेत लटकलाय हे जगजाहीर झाल्यावर प्रत्येक जण भाव वाढवून बोलतो.

‘पुढच्या शनिवारी मोकळा आहे का तुमचा फायटर?’ असा मेसेज पाठवू नका. पहिल्याच मेसेजमध्ये सगळं असावं आणि तो कोचला किंवा मॅनेजरला जावा, थेट फायटरला नको. फायटर ‘हो’च म्हणतो, त्याचा धंदाच तो आहे. साधारण असा:

‘लाइटवेट ७०.३, कॅचवेटवर बोलता येईल. ५ मिनिटांच्या ३ फेऱ्या, युनिफाइड रूल्स (एमएमएचे प्रमाणित नियम). वजन शुक्रवारी सकाळी, लढत शनिवारी रात्री. समोर ४–१, उजवा, कुस्तीवाला, शेवटच्या दोन लढतींच्या लिंक सोबत. मानधन अमुक, जिंकल्यास अमुक. प्रवास व राहणं फायटर अधिक दोन कोपरेकऱ्यांचं (कोपऱ्यातल्या सहायकांचं). हवं ते: आजचं उपाशीपोटी वजन काट्याच्या फोटोसह, मेडिकलच्या तारखा, शेवटची लढत आणि तिचा निकाल. उत्तर आज रात्री ९ पर्यंत. इतर दोघांनाही विचारलं आहे.’

शेवटचं वाक्य काढू नका. एका जागेसाठी तिघांना गुपचूप ‘तुमचंच नक्की’ म्हणणाऱ्याचं नाव फार लवकर पसरतं.

वैद्यकीय_टेबल

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण माझ्या लेखी माणसाच्या आधी त्याचे कागद. नऊ दिवसांत कौशल्य जमवता येत नाही हे सगळ्यांना कळतं. कागदही जमवता येत नाहीत हे मंगळवारी कळतं.

नियम प्रत्येक कमिशनचे वेगळे, तरी नेहमीची यादी अशी: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या, शारीरिक तपासणी, बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी, बहुतेक ठिकाणी ईसीजी, बऱ्याच ठिकाणी मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन, बायकांच्या लढतीत गर्भधारणा चाचणी. वय जास्त असेल तर हृदयाच्या आणखी चाचण्या मागतात. यातलं रक्त एक-दोन दिवसांत होतं. शारीरिक तपासणी आणि ईसीजी एका दिवसात. अडतं ते डोळ्यांपाशी आणि स्कॅनपाशी, कारण तिथे अपॉइंटमेंट लागते आणि मग तज्ज्ञाचा सहीचा अहवाल लागतो. फिल्म किंवा सीडी म्हणजे अहवाल नव्हे. म्हणून पहिल्या फोनवर ‘मेडिकल आहेत का’ विचारू नका, उत्तर ‘आहेत’ असंच येतं. ‘स्कॅनच्या आणि डोळ्यांच्या अहवालावरची तारीख वाचून दाखवा’ म्हणा. ती लढतीच्या दिवशी तुमच्या कमिशनच्या मुदतीत बसते का ते लगेच ताडून बघा. आज चालणारा अहवाल पुढच्या शनिवारी शिळा झालेला असू शकतो.

दुसरी गोष्ट निलंबन. डोक्याला मार लागून लढत थांबली तर ३० दिवस आणि पूर्ण नॉकआउट असेल तर ६० दिवस, ही बऱ्याच ठिकाणची किमान पद्धत. डॉक्टर त्याहून जास्तही देतात. काही निलंबनं ‘अमुक तपासणी होईपर्यंत’ अशी उघडी असतात. दिवस उलटले तरी ती आपोआप उठत नाहीत, डॉक्टरचं पत्र लागतं. टॅपॉलॉजी किंवा शेरडॉग या लढतींच्या नोंदींच्या संकेतस्थळांवर निकाल दिसतो, निलंबन तिथे शोधू नका. ते कमिशनकडूनच पक्कं करून घ्या. आणि तिथली नोंद शून्य याचा अर्थ डोक्याला मार शून्य असा होत नाही. जिममध्ये स्पॅरिंग करताना पडलेला माणूस कुठल्याच यादीत नसतो. कोचला सरळ विचारा: गेल्या दोन महिन्यांत स्पॅरिंगमध्ये कधी डोळ्यापुढे अंधार, उलटी, डोकेदुखी? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरूनही बरंच कळतं.

एक क्षुल्लक वाटणारा अडथळा: नाव. रक्ताच्या अहवालावर टोपणनाव, पासपोर्टवर पूर्ण नाव, लायसन्सवर तिसरंच स्पेलिंग. कमिशन तो अहवाल धरत नाही आणि रक्त पुन्हा काढावं लागतं. परदेशातून माणूस आणणार असाल तर व्हिसाचं उत्तर आधी, बाकी सगळं नंतर. कोपरेकऱ्यांचाही व्हिसा लागतो हे बहुतेकांना बुधवारी आठवतं.

वजनकाटा

कॅचवेटवर लिहितो, कारण तिथे लोक अंदाजपंचे आकडा ठरवतात.

पाया एकच: आजचं सकाळचं, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावरचं वजन. फोनवर सांगितलेलं नको, काट्याचा फोटो हवा. त्यावरून किती टक्के तोडावं लागतंय ते काढा. पूर्ण कॅम्प करून आलेल्या फायटरसाठी शेवटच्या आठवड्यात ६–७ टक्के ही रोजची गोष्ट. बदलीवाल्याला मी ५ च्या वर जाऊ देणार नाही, आणि हातात चारच दिवस असतील तर ३ च्या वर नाही. कॅम्पवाला आठवडाभर आधीपासून मीठ, कार्बोहायड्रेट, पाणी यांचं गणित बसवत आणतो. बदलीवाला कालपर्यंत नेहमीसारखा जेवत होता, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त घाम उरतो. शेवटच्या दोन दिवसांत घामाने तोडलेलं ५–६ टक्के वजन चोवीस-तीस तासांत परत चढतं, पण काट्यावर. आत दम परत आलेला नसतो. दुसऱ्या फेरीत पाय जड, आणि शरीर सुकलेलं असताना डोक्यावर बसणारा ठोसा जास्त घातक. सलाइन लावून भरून काढू हा विचारही नको. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांत रुग्णालयातल्या उपचारासारखं कारण नसताना १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून द्यायला बंदी आहे.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोघांनाही तोडावं लागणार नाही असं वजन. यूएफसी १९६ ला (मार्च २०१६) दोस आन्जोसचा पाय मोडला, अकरा दिवसांवर नेट डियाझ आला आणि ठरलेली ७०.३ ची लढत थेट ७७.१ वर गेली. कॅचवेट म्हणजे आधीच्या आकड्यात एक-दोन किलो वाढवणं, असंच काही नाही.

वजनातली सूट करारात आकड्याने लिहा. बिगर-किताब लढतीत साधारण एक पौंड, म्हणजे ०.४५ किलो मिळतं. कॅचवेटला ती सूट आहे की नाही यावर काट्यापाशी भांडण होतं. यूएफसी २२३ ला (एप्रिल २०१८) फर्ग्युसन जखमी झाला, सहा दिवसांवर आलेल्या हॉलोवेला वजन तोडताना डॉक्टरांनी थांबवलं आणि शेवटी त्याच कार्डवरचा अल आयाक्विंटा खबीबसमोर उभा राहिला. तो १५५.२ पौंड भरला होता. त्याच्या मूळ लढतीला ते चालणार होतं, किताबाला १५५ च लागतात. म्हणून जिंकला असता तरी पट्टा त्याला मिळणार नव्हता. पौंडाच्या पाचव्या हिश्शाची गोष्ट.

लालकोपरा

सगळ्यांचे आभार. माघार लेखी घेऊन कमिशनला कळवली. लाल कोपऱ्याच्या कोचची मर्यादा: ७४ पर्यंत कॅचवेट, दहापेक्षा जास्त लढती केलेला नको, ‘शक्यतो डावखुरा नको’. आमच्या कार्डवरून कुणी हलवता येत नाही. तीन नावं आली आहेत:

अ – ६–२, लाइटवेट. आज ७८.४. शेवटची लढत सात आठवड्यांपूर्वी, निर्णयावर जिंकला. सगळे मेडिकल मुदतीत. ‘७०.३ करतो’ म्हणतोय.

ब – ३–३, फेदरवेट. आज ७२.१. डावखुरा. स्कॅन आणि डोळे मुदतीत, रक्त नव्याने करावं लागेल. तीन आठवड्यांपूर्वी त्याची लढत रद्द झाली, तेव्हापासून सराव चालूच आहे.

क – किकबॉक्सिंगमध्ये ९–०, एमएमएत १–० (पहिल्या फेरीत नॉकआउट). आज ७४. कागद तयार. त्याच्या मागे तिकिटं खपतील. मालकांचा कल याच्याकडे.

पिंजऱ्यामागे

क ला सोडा. ९–० चा इथे उपयोग नाही, एमएमएत त्याची एकच लढत झाली आहे आणि तीही उभ्यानेच संपली. समोर पाच लढती केलेला कुस्तीवाला. टेकडाउन (समोरच्याने खाली पाडणं) अडवता येतं का, खाली पडल्यावर उठता येतं का, याचा एकही पुरावा व्हिडिओत नाही. बरीच कमिशनं बदलीच्या वेळी एमएमएमधला अनुभवच मोजतात आणि ही जोडी नामंजूर होण्याची शक्यता आहे. मंजूर झाली तरी तिकिटं घेऊन आलेले त्याचे पाठीराखे त्याला दोन मिनिटं पाठीवर पडलेला बघतील. त्याला दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या ठोसेबाजासमोर घ्या, तेव्हा तिकिटंही खपतील.

अ चं गणित: ७८.४ वरून ७०.३ म्हणजे १०.३ टक्के, आठ दिवसांत. ‘करतो’ म्हणणारा खोटं बोलत नसेल, पण गुरुवारी रात्री सॉनातून फोन येईल. लाल कोपऱ्याच्या ७४ वर बोलणी केलीत तर ५.६ टक्के, म्हणजे वर सांगितलेल्या ५ च्या पुढेच. शिवाय लढतीच्या रात्री तो ७८ च्या आसपास भरेल आणि लाल कोपरा ७५–७६. अनुभव अ चा जास्त, वजनही जास्त. लाल कोपऱ्याला हा सौदा वाईट.

माझं मत ब. ७२.१ वरून ७०.३ म्हणजे २.५ टक्के, मीठ आणि रात्रीचं जेवण आवरलं तरी निघेल. लाल कोपऱ्याचं वेळापत्रक जसंच्या तसं राहतं, कॅचवेटची भानगडच नको. ३–३ बघून नाक मुरडू नका, पराभव कसे झाले ते बघा. तिन्ही निर्णयावर असतील, किंवा चांगल्या माणसांकडून चोक (गळ्याची पकड) लागून असतील, तर लढत बरोबरीची आहे. गेल्या सहा महिन्यांतले दोन नॉकआउट असतील तर अजिबात नको, कमिशन हो म्हणालं तरी.

वजनकाटा

ब ला दुजोरा, एक अट घालून. लाल कोपरा ७५.८ वरून ७.३ टक्के तोडतोय आणि रात्री परत तेवढाच होणार. ब जेमतेम ७२.५ असेल. तीन-साडेतीन किलोचा फरक, तोही कुस्तीवाल्याच्या बाजूने. करारात शनिवारी सकाळी दुसरं वजन घाला, लाल कोपऱ्यासाठी कमाल ७५. कोच कुरकुर करेल. मग त्याला ७१.५ चं कॅचवेट आणि तीच ७५ ची मर्यादा असा पर्याय द्या, त्याचंही तोडणं कमी होतं.

डावा_पाय_पुढे_नाही

‘शक्यतो डावखुरा नको’ हे ऐकून सोडून देऊ नका. आठ दिवस आहेत, त्यातले शेवटचे तीन वजनात जातात, म्हणजे उपयोगाची सत्रं चार-पाच. लाल कोपऱ्याला आजच डावखुरा स्पॅरिंग पार्टनर द्या, हवं तर तो खर्च प्रमोशनने उचलावा. जोरकस स्पॅरिंगची गरज नाही, अंतर आणि पायांची जागा बसली पाहिजे. डावखुऱ्याची मागची डावी लाथ उजव्याच्या उघड्या बाजूला, थेट यकृतावर येते आणि मागचा डावा हात सरळ मधून येतो. पुढचं पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेर ठेवणं आणि टेकडाउनला शिरताना उजवं कोपर बरगडीला चिकटलेलं ठेवणं, एवढंच पाच सत्रांत पक्कं होतं. नवीन काही शिकवायला जाऊ नये.

आणि लाल कोपऱ्याला ‘ऐन वेळी आलेला म्हणजे सोपा’ असं कुणी सांगत असेल तर त्याला थांबवा. सतरा दिवसांवर आलेल्या बिस्पिंगने जून २०१६ मध्ये रॉकहोल्डला पहिल्याच फेरीत झोपवलं, आणि हा तोच रॉकहोल्ड ज्याच्याकडून तो आधी हरला होता. उलटही होतं: ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन आठवड्यांहून कमी वेळात आलेला व्होल्कानोव्स्की मखाचेवच्या लाथेने पहिल्या फेरीतच संपला.

पिंजऱ्यामागे

पैशाचं राहिलं होतं. मानधन निम्मं हमीचं आणि निम्मं विजयाचं अशी जी पद्धत आहे ती बदलीवाल्यासाठी मोडा. हमीचा भाग वाढवा, विजयाचा कमी करा. नऊ दिवसांवर येणाऱ्याने तुमची अडचण सोडवली आहे, त्याची अर्धी रक्कम टांगून ठेवू नका. रक्तचाचणीचा खर्च तुमचा. लाल कोपऱ्याला जास्त पैसे देण्यापेक्षा एक ओळ द्या: त्याने वजन केलं आणि समोरच्यामुळे लढत झाली नाही, तर हमीची रक्कम पूर्ण मिळेल. हे लिहून दिलंत की कोचचा अर्धा विरोध मावळतो. वजन चुकल्यास हमीच्या २० ते ३० टक्के समोरच्याला, हे दोघांनाही सारखं. नवा करार करा, जुन्यावर नाव खोडून दुसरं लिहू नका.

थांबायची वेळ उलटी मोजा. शुक्रवारी वजन, कमिशनला जोडी मंजूर करायला गुरुवार, रक्ताचा अहवाल बुधवारपर्यंत, म्हणजे रक्त सोमवारी सकाळी निघालं पाहिजे आणि बाहेरच्या माणसाचं नाव रविवारी रात्री पक्कं. मेडिकल पूर्ण असलेल्यासाठी मंगळवार रात्र. त्यानंतर रद्द करा आणि खालची लढत वर चढवा. यूएफसी ३०३ ला (जून २०२४) ऑर्टेगा आजारी पडल्यावर काही तासांत डॅन इगे १६५ पौंडांच्या कॅचवेटवर लोपेससमोर उभा राहिला, हे खरं. पण त्याचे कागद आधीपासून तयार होते आणि कमिशनने त्याच दिवशी मंजुरी दिली. तुमचं कमिशन शनिवारी फोन उचलतं का?

वैद्यकीय_टेबल

ब ठरला तर उद्या रक्त द्यायला पाठवा, सोमवारची वाट बघू नका. एखादा नमुना खराब निघाला तर दुसऱ्यांदा काढायला वेळ हवा. विम्याच्या यादीत जुनं नाव काढून नवं घातल्याची पोच लेखी घ्या. ग्लोव्हजचा साइज, कप आणि दातांचा गार्ड आहे का हे आजच विचारा. घाईत आलेला फायटर गार्ड हमखास विसरतो आणि नवा उकळून बसवायला वजनाच्या दिवशी कुणाला सवड नसते. कोपरेकऱ्यांचे लायसन्स अर्ज त्याच मेलमध्ये जोडा.